हिरवं असतानाच गाडायचं

बोरटेक नावाच्या गावी एक भोळा माणूस राहत होता. गावात बाकी सगळे शहाणे होते, त्यामुळे तो लगेच ओळखू यायचा.

त्याचं नाव उकंडा. त्याच्याआधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवलं, उचललं आणि हे नाव दिलं. देवाची नजर चुकवायला तिकडे असं करतात. देवाची नजर चुकली. उकंडा वाढला, धडधाकट झाला, दोन गड्यांचं काम एकटा करू लागला. अडचण एकच होती. त्याला जे सांगावं ते तो करायचा.

शिवाय सांगितलेलं तो विसरायचा नाही. एका कामात मिळालेली शिकवण तो जपून ठेवायचा आणि पुढच्या कामात वापरायचा. पुढचं काम कोणतं आहे, हे मात्र पाहायचा नाही.

‘का’ असं विचारायची त्याला सवय नव्हती. ती सवय पुंजाजींनी मोडली होती. पुंजाजी म्हणजे उकंडाच्या वडिलांचे थोरले भाऊ, त्याचे मोठेबाबा. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर, बैल, वावर आणि घरातल्या सगळ्यांची मतं पुंजाजींच्या ताब्यात होती. लहानपणी उकंडानं एकदा विचारलं होतं की पाऊस पडायच्या आधीच वखर काहून मारायचा. त्यावर त्याच्या कानाखाली बसली. वखर काहून मारायचा ते त्याला कळलं नाही, पण विचारायचं नाही हे पक्कं कळलं. मोठ्या माणसांचं शिकवणं पुष्कळदा असंच असतं.

पुंजाजींना आणखी एक सवय होती. कापसाची पहिली वेचणी सुरू करायची त्या दिवशी तिकडे वावरात पूजा मांडतात, कपाशीवर दहीभात शिंपडतात आणि मग सगळे बांधावर बसून जेवतात. त्याला सीतादही म्हणतात. दरवर्षी सीतादहीच्या दिवशी दहीभाताचा पहिला घास पोटात गेला की पुंजाजी मोठा सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, ‘‘माह्यं काम झालं आता. जे द्याचं ते देऊन झालं. आता आपल्यापासून कोणाले काय भेटनार हाय?’’

मग घरातल्या बायांनी ‘असं नोका बोलू’ म्हणायचं असतं. त्या म्हणायच्या. पुंजाजी आणखी भात घ्यायचे. उकंडाला मात्र पुढचे कितीतरी दिवस जेवण जायचं नाही, कारण त्याला ते खरं वाटायचं.

उकंडाचं लग्न कौतिकाशी झालं. कौतिका शेतकी शाळेत शिकलेली होती आणि तिला दम निघत नसे. सासरी आल्यावर पहिल्याच हंगामात ती नाल्याकाठच्या वावरात गेली आणि मूठभर माती हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. हे वावर उकंडाच्या वडिलांच्या वाट्याचं. नाव मात्र पुंजाजींचं लागलेलं. पुंजाजींनी त्यात कपाशी घेतली होती. त्याच्या आधी कपाशी घेतली होती. त्याच्याही आधी कपाशीच. माती घट्ट होऊन ढेकळं दगडासारखी झाली होती आणि कपाशीची पानं दिवाळीच्या आतच लाल पडत होती.

कौतिकानं पुंजाजींना सांगितलं की कपाशीच्या दोन ओळींमध्ये मुगाची एक ओळ घेऊ. मूग लवकर निघतो, कपाशीच्या आड येत नाही आणि त्याच्या मुळ्यांवरच्या गाठी जमिनीला खत देतात.

पुंजाजी म्हणाले, ‘‘मूग खायाचा असन तं वाण्याचं दुकान हाय.’’

कौतिकानं पुन्हा सांगितलं. पुंजाजींनी पुन्हा वाणी सांगितला. असं मृगापर्यंत चाललं. शेवटी पुंजाजींनी तोडगा काढला. नाल्याकाठचं वावर त्यांना गावातल्या गुणवंताला मक्त्यानं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं कसायला द्यायचंच होतं. ते म्हणाले, या साली तुमचं तुम्ही करून पाहा. सीतादहीला मी येईन. वावर माझ्या मनाला आलं तर तुमच्याकडे राहू दे. नाही आलं तर गुणवंताला जाईल, आणि नंतर या घरात मुगाचं नाव निघणार नाही.

कौतिका हो म्हणाली. उकंडाला नुसतं ऐकायला सांगितलं होतं, म्हणून त्यानं ऐकलं.

रात्री जेवताना कौतिका त्याला समजावून सांगू लागली, पण तिच्या तोंडात घास होता आणि डोक्यात दहा कामं होती. तिनं एका वाक्यात उरकलं.

‘‘मूग जमिनीले खाऊ घालते. एवढं ध्यानात ठेवा.’’

उकंडानं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कौतिका वावरात पोहोचली तेव्हा उकंडा बांधावर बसला होता. समोर पळसाच्या पानांच्या पत्रावळी ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक पत्रावळीवर मुगाची उसळ होती. वर कोथिंबीर होती. उकंडा पातेल्यातून वाढत पुढे सरकत होता आणि दर पत्रावळीपाशी थांबून जमिनीला सावकाश जेवायला सांगत होता.

माहेरून आणलेल्या बियाण्याचं एक मडकं त्यात संपलं होतं. कौतिकानं डोकं धरलं. मग म्हणाली, ‘‘शिजवलं का त्यातला जीव जाते. शिजवायचं नाही. कच्चंच द्यायचं.’’

‘‘चुकलं,’’ उकंडा म्हणाला. ‘‘आता ध्यानात ठेवतो.’’

आणि त्यानं ठेवलं. तीच पंचाईत होती.

उरलेलं बियाणं कौतिकानं स्वतः हाताळलं. जिवाणू खताचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवलं, हलक्या हातानं बियाण्याला लावलं, सावलीत पसरलं आणि त्याच दिवशी पेरलं. उकंडाला तिनं फक्त डोक्यावर टोपली घेऊन उभं राहायला सांगितलं होतं. पेरणी उत्तम झाली. सगळे घरी गेले, अंधार पडला, तरी तो टोपली घेऊन उभा होता. कौतिकाला परत जाऊन त्याला आणावं लागलं.

मूग तरारून आला. कपाशीही वर आली. दोन हिरव्या ओळींमध्ये एक पोपटी ओळ. येणारा-जाणारा नाल्यावर थांबून पाहू लागला. हे पुंजाजींच्या कानावर गेलं. मग एक दिवस तेही आले. वावर पाहायला नाही, सहज आलो म्हणाले. दुपार झाली, तेव्हा म्हणाले की इथंच जेवतो. कौतिका विहिरीवर गेली होती. वाढायला उकंडा होता.

उकंडानं पत्रावळ मांडली. त्यावर तुरीची कोरडी डाळ वाढली, ज्वारीचे दाणे वाढले आणि वर एक अख्खं वांगं ठेवलं.

पुंजाजींनी एक घास घेतला. त्यांना खालचे दात उरले होते ते पुढचेच. त्यातला एक तेव्हा गेला.

‘‘हे कच्चं हाय,’’ ते म्हणाले.

‘‘शिजवलं का जीव जाते,’’ उकंडा म्हणाला.

पुंजाजींनी त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातला कामाचा भाग एवढाच की कडक वस्तू कोणाला तशीच देऊ नये. आधी रात्रभर पाण्यात भिजत घालावी, नरम होऊ द्यावी आणि मग द्यावी.

‘‘चुकलं, मोठेबाबा. आता ध्यानात ठेवतो.’’

त्याच आठवड्यात कपाशीला युरियाचा थोडा हप्ता द्यायचा होता. मूग असला तरी कपाशीला तोंड लावायला थोडं लागतं. पोतं बरेच दिवस घरात पडून होतं आणि आतलं खत गोळे होऊन कडक झालं होतं. उकंडानं ते हातानं दाबून पाहिलं. नाल्याकाठच्या टाक्यात पाणी भरलं आणि पोतं आत सोडलं. सकाळी टाक्यात पोतं होतं. खत नव्हतं. बैलांना त्यानं अजून पाण्यावर नेलं नव्हतं, हेच नशीब. कौतिकानं टाकं उपसून रिकामं केलं. उपसताना ती बोलत नव्हती, म्हणजे फार रागावली होती. शेवटी तिनं सांगितलं की पिकाचा जो खुराक असतो त्याला पाणी लागू द्यायचं नसतं. आभाळ आलं की वर ताडपत्री टाकायची आणि कडेनं दगड ठेवायचे.

उकंडा चुकलं म्हणाला. ध्यानात ठेवतो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात आभाळ आलं. मूग हा जमिनीचा खुराक, हे त्याला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. त्यानं घरातली ताडपत्री नेली. ती पुरली नाही म्हणून सतरंजी नेली, गोधड्या नेल्या, कौतिकाची लग्नातली दोन लुगडी नेली. मुगाच्या सगळ्या ओळी झाकल्या आणि कडेनं दगड ठेवले. कौतिका चार दिवस माहेरी गेली होती. पावसाची झड लागली. ती परत आली तेव्हा वावरात तिचा शालू नेसलेली एक ओळ होती आणि शालूखाली मूग पिवळा पडून आडवा झाला होता. गावातली पोरं नाल्यावर उभी राहून कोणाची नवरी कोण ते ठरवत होती.

सगळं उघडं केलं. ऊन पडलं. मूग पुन्हा उभा राहिला, पण काही ठिकाणी टक्कल पडलं ते पडलंच.

ही बातमी पुंजाजींनी पारावर तीनदा सांगितली. मग ते उकंडाला बाजूला घेऊन म्हणाले की तुझी बायको शाळेतलं बोलते, मी वावरातलं सांगतो. निंदण करताना एकच पाहायचं. कपाशीत जे कपाशी नाही ते तण. उपटायचं. विचारायचं नाही.

उकंडानं विचारलं नाही. मुगाची अख्खी एक ओळ उपटून तो दुसरीला लागला होता तेव्हा कौतिका धावत आली. तिच्या हातात खुरपं होतं आणि ते तिनं कसं धरलं होतं ते पाहून उकंडा स्वतःच दोन पावलं मागं झाला.

‘‘हे काहून उपटलं?’’

‘‘कपाशी नाही म्हणून.’’

‘‘कोणं सांगतलं?’’

‘‘मोठेबाबानं.’’

कौतिका बांधावर बसली. तिनं एका मुगाच्या झाडाची कोवळी शेंग हातात धरली आणि त्याला दाखवली. ‘‘हे पाहा. लांब शेंग. ज्याले अशी शेंग हाय त्याले हात लावायचा नाही. त्याच्यापासून आपल्याले अजून घ्यायचं हाय.’’

उकंडानं शेंग नीट पाहिली. बोटानं मापून पाहिली. ध्यानात ठेवली.

तिकडे पावसाळ्यात तरोटा माजतो. पिवळी फुलं येतात आणि मग लांब, बारीक, बाक आलेल्या शेंगा येतात. हे तण गुरंसुद्धा तोंडात घेत नाहीत. त्याच्या शेंगा मुगापेक्षा लांब असतात. उकंडानं मापून पाहिल्या. मग त्यानं तरोट्याभोवती माती लावली, उकिरड्यावरचं शेणखत आणून पाटीपाटीनं टाकलं आणि आजूबाजूची दोन-चार कपाशीची झाडं त्याला अडचण करत होती ती काढून टाकली. कौतिकाच्या लक्षात आलं तेव्हा तरोटा कमरेएवढा झाला होता आणि मुळं इतकी खोल गेली होती की खुरप्यानं निघेना. तिनं खूप उपटला. नाल्याच्या बाजूचा राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी ती चुलीपुढं बसून राहिली. तिच्या मनात आलं की पुंजाजी नुसतं ‘कर’ म्हणतात, आणि आपण तरी दुसरं काय म्हणतो? झाक. भिजवू नको. हात लावू नको. का ते या माणसाला आजवर कोणी सांगितलंच नाही. सांगितलं तर तो चुकेल कशाला?

तिनं ठरवलं, यापुढं सगळं कारणासकट सांगायचं.

मूग तोडायला आला. जेवढा राहिला होता तेवढ्याच्या शेंगा चांगल्या भरल्या. तोडणी झाली आणि ओळींत नुसती हिरवी झाडं उरली. कौतिकानं उकंडाला बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि घाई न करता बोलू लागली. एक झाड मुळासकट उपटून मुळ्यांवरच्या गाठी तिनं त्याला दाखवल्या. एक गाठ फोडून आतला लाल रंग दाखवला. म्हणाली, या झाडानं आपल्याला शेंगा दिल्या, त्याचं काम झालं. आता त्याच्यापासून आपल्याला काही मिळायचं नाही. पण म्हणून ते उपटून बांधावर फेकायचं नाही आणि जाळायचं तर मुळीच नाही. जाळलं की त्यातलं सगळं धुरात वाया जातं. जागच्या जागी मातीत गाडायचं. जमीन त्याचं खत करते आणि ते शेजारच्या कपाशीला मिळतं. आणि हे वेळेवर करायचं. हिरवं असतानाच गाडायचं. वाळून काडी झाली की मग ते कुजत नाही. मातीत ओल पाहिजे, म्हणजे लवकर कुजून जातं.

उकंडा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी ‘का’ सांगितलं होतं.

‘‘म्हंजे त्याचंबी भलं, जमिनीचंबी भलं,’’ तो म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘आन् आपण जाळतो ते वायाच जाते.’’

‘‘सगळं वाया.’’

उकंडानं तेही ध्यानात ठेवलं. मग उठला आणि कामाला लागला. सगळा मूग त्यानं डवऱ्यानं आणि कुदळीनं असा सुरेख गाडला की कौतिकाला एकही दोष काढता आला नाही. ती त्याच्याकडे पाहून हसली. लग्नानंतर बहुतेक दुसऱ्यांदा. गडी शिकला, असं तिला वाटलं. खरंच शिकला होता.

कपाशीनं उत्तर दिलं. मूग गाडलेल्या ओळींशेजारची झाडं काळीभोर हिरवी झाली, फांदीफांदीला बोंडं लागली. आजूबाजूच्या वावरांत पानं लाल पडू लागली तरी नाल्याकाठी लाली आली नाही. बोंडं फुटली. सीतादहीचा दिवस आला.

पुंजाजी आले ते गुणवंताला सोबत घेऊनच. तेव्हाच कौतिकाला कळलं की पाहणं-बिहणं काही नाही. पुंजाजी वावरातून फिरले. फुटलेल्या कापसाकडे त्यांनी पाहिलं नाही. मुगाचं टक्कल पडलेल्या जागा पाहिल्या. जिथं उसळ वाढली होती तिथं मुंग्यांचं वारूळ झालं होतं, ते पाहिलं. मग नाल्याच्या बाजूचा तरोटा पाहिला. त्याला शेणखत घातलेलं पाहिलं. तिथं ते बराच वेळ थांबले आणि गुणवंताकडे वळून काही बोलले. गुणवंतानं मान हलवली.

पूजा झाली. कौतिकानं कपाशीवर दहीभात शिंपडला, मनातल्या मनात काय मागायचं ते मागितलं आणि बांधावर पत्रावळी मांडल्या. पुंजाजींनी पहिला घास घेतला. आता निकाल सांगायचा होता. पण त्यांची दरवर्षीची रीत आधी होती. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

‘‘माह्यं काम झालं आता. जे द्याचं ते देऊन झालं. आता आपल्यापासून कोणाले काय भेटनार हाय?’’

आणि थांबले.

आता कौतिकानं ‘असं नोका बोलू, मामाजी’ म्हणायचं होतं. तिथं दुसरी बाई नव्हती. कौतिकाच्या तोंडात शब्द आला होता. तिनं एकदा तरोट्याकडे पाहिलं, एकदा कापसाकडे पाहिलं, एकदा गुणवंताकडे पाहिलं आणि तो शब्द गिळून टाकला.

उकंडानं पत्रावळ बाजूला सारली. उठला, पाणी प्याला, कुदळ आणि फावडं घेतलं. वावरात जिथं कपाशी जरा खुरटी होती ती जागा निवडली. मग परत आला, कुदळीचा दांडा पुंजाजींच्या डोक्यापासून पायापर्यंत लावून माप घेतलं आणि जाऊन खणायला लागला.

पुंजाजींचा घास हातातच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ‘‘हे काय करून राह्यला रे?’’

‘‘खड्डा करतो, मोठेबाबा.’’

‘‘कायचा?’’

‘‘तुमचा.’’

गुणवंत उठला. घरी जरा काम आहे म्हणाला. उकंडानं त्याच्याकडे एक नजर टाकली, तशी त्यानं डोक्यावरची टोपी पुढं ओढून पिकलेले केस झाकले आणि पाय उचलले.

पुंजाजी म्हणाले, ‘‘उकंडा, म्या अजून जिवंत हाय.’’

‘‘म्हणूनच तं घाई करतो,’’ उकंडा म्हणाला. त्याच्या आवाजात फार माया होती. ‘‘हिरवं असतानाच गाडायचं असते. तुमी जरासे वाळले, पण उशीर नाही झाला.’’

‘‘मले गाडतं?’’

‘‘आता लोकं जाळतात, ते मले माहीत हाय. पण जाळलं का सगळं वाया जाते, मोठेबाबा. धूरच धूर. इथं गाडलं तं त्या खुरट्या कपाशीले लागन. तुमचंबी भलं, जमिनीचंबी भलं.’’

आणि पुन्हा खणू लागला. माती भुसभुशीत झाली होती. मुगामुळे. कुदळ सहज आत जात होती.

पुंजाजींनी कौतिकाकडे पाहिलं. एका शब्दात ती त्याला थांबवू शकत होती, हे त्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तिनं दहीभाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

‘‘माह्यं काम नाही झालं,’’ पुंजाजी म्हणाले.

उकंडा थांबला. ‘‘आताच तं झालं म्हणले.’’

‘‘तसं म्हणाची रीत असते.’’

‘‘रीत काहून असते?’’ उकंडानं विचारलं. त्याला आता ‘का’ची गोडी लागली होती. उकंडानं थोडी वाट पाहिली आणि कुदळ उचलली.

‘‘देयाचं राह्यलं हाय,’’ पुंजाजी घाईनं म्हणाले.

मग कौतिका बोलली. सकाळपासून पहिल्यांदाच.

‘‘काय देयाचं राह्यलं, मामाजी?’’

पुंजाजींनी खड्ड्याकडे पाहिलं. तो गुडघ्याएवढा झाला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. द्यायला जवळपास दुसरं काही दिसेना.

‘‘हे वावर,’’ ते म्हणाले. ‘‘उकंडाच्या बापाचं. ते तुमच्या नावावर करून देयाचं राह्यलं हाय.’’

उकंडा विचारात पडला. त्यानं कौतिकाला विचारलं, ‘‘हे शेंगेत धरायचं का?’’

‘‘शेंगेतच धरायचं,’’ कौतिका म्हणाली. ‘‘मोठी शेंग हाय. तोडल्याबिगर गाडायचं नाही.’’

उकंडानं कुदळ खाली ठेवली. त्याला मनापासून बरं वाटलं. तो येऊन पुंजाजींच्या शेजारी बसला, त्यांच्या पत्रावळीवर आणखी भात वाढला आणि सावकाश जेवा म्हणाला.

कौतिकानं गोष्ट लांबू दिली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं पुंजाजींना गाडीत बसवून तलाठ्याकडे अर्जाला नेलं. मग फेऱ्या झाल्या. या कागदाला तो कागद लागला, त्या कागदाला साक्षीदार लागले. दर फेरीला उकंडा गाडी हाकायचा आणि वाटेत आपुलकीनं विचारायचा, ‘‘शेंग भरली का, मोठेबाबा?’’ पुंजाजी प्रत्येक वेळी अजून नाही म्हणायचे. त्यांनी एवढ्या वेळा नाही म्हटलेलं घरात कोणाला आठवत नव्हतं.

शेवटची वेचणी व्हायच्या आत काम झालं. वावर दोघांच्या नावावर लागलं, उकंडाच्या आणि कौतिकाच्या. कौतिकानं कागद घडी करून पदराला बांधला. आता घरी जाऊन उकंडाला एकदा शांतपणे सगळं समजावून सांगायचं, की ते झाडांचं असतं, माणसांचं नसतं, असं तिच्या मनात होतंच. पुढच्या साली तुरीच्या ओळी कुठं घ्यायच्या तेही मनात होतं. ती आधी तुरीचा विचार करू लागली.

पुंजाजी कचेरीच्या पायरीवर बसले. कित्येक दिवसांचं ओझं उतरलं होतं. वारा छान सुटला होता. त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं, आणि जन्मभराची सवय, मोठा सुस्कारा सुटला.

‘‘झालं बाप्पा काम एकदाचं,’’ ते म्हणाले. ‘‘होतं-नव्हतं सगळं देऊन झालं.’’

उकंडानं गाडी जुंपली. आत तणस पसरलं, वर मऊ गोधडी घातली आणि पुंजाजींना हात दिला.

‘‘बसा, मोठेबाबा,’’ तो म्हणाला. ‘‘सकाळीच पाणी सोडून आलो. माती मस्त ओली हाय.’’